कोट्टयमचा संपादक : के. सी. मामेन माप्पिळै

मुंबई, ठाणे, कल्याण, वसई या परिसरातील धर्मग्रामांना केरळहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांचा सहवास आता नवा राहिलेला नाही. १९८८ मध्ये कल्याण येथे सिरो-मलबार विधीचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, यावरूनच त्यांची येथील संख्या लक्षात यावी. या मंडळींच्या घरी गेल्यास एक गोष्ट सहज नजरेत भरते. घर कितीही लहान असो, तेथे मल्याळी वर्तमानपत्र असते, आणि ते अनेकदा ‘मल्याळ मनोरमा’ असते. हे वर्तमानपत्र कोट्टयम या एका लहानशा गावात जन्मले. ज्या माणसाने ते अर्धशतक सांभाळले, ते गमावले आणि वृद्धापकाळी पुन्हा उभे केले, त्या के. सी. मामेन माप्पिळै यांचा परिचय मराठी वाचकांना फारसा नाही. त्यांचे जीवन जाणून घेण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मामेन माप्पिळै कॅथलिक नव्हते. ते मलंकारा ऑर्थोडॉक्स सिरियन ख्रिस्तसभेचे एकनिष्ठ प्रापंचिक होते. संत थोमा प्रेषिताच्या परंपरेशी नाते सांगणाऱ्या केरळच्या ख्रिस्ती समाजात गेल्या चार शतकांत अनेक शाखा झाल्या, त्यांपैकी ही एक. तथापि त्यांच्या काळातील कोट्टयममध्ये या शाखांची माणसे एकमेकांच्या शेजारीच राहत, एकाच बाजारात खरेदी करीत आणि एकमेकांशी भांडतही. त्यामुळे त्यांच्या कथेत कॅथलिक धर्मगुरू आणि कॅथलिक वर्तमानपत्र ओघानेच येतात.

कोट्टयम आणि छपाई यांचे नाते जुने आहे. बेंजामिन बेली या अँग्लिकन मिशनऱ्याने १८२१ मध्ये तेथे छापखाना सुरू केला. जवळच्याच मन्नानम येथे १८४६ मध्ये कुरियाकोस इलायस चावरा या कॅथलिक धर्मगुरूंनी दुसरा छापखाना उभारला. २०१४ मध्ये ज्यांना संतपद बहाल झाले तेच हे संत चावरा. छापखान्याचे यंत्र विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. त्रिवेंद्रमचे यंत्र पाहून त्यांनी त्याचा नमुना केळीच्या खुंटापासून तयार केला आणि त्यावरून स्थानिक सुताराकडून लाकडी यंत्र करवून घेतले. याच छापखान्यातून १५ एप्रिल १८८७ रोजी ‘नसरानी दीपिका’ हे वर्तमानपत्र बाहेर पडले. निधीरिक्कल मणी कत्तनार हे धर्मगुरू त्याचे संपादक होते. ‘मनोरमा’ निघण्याच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट. मणी कत्तनार आणि ऑर्थोडॉक्स समाजाचे महागुरू पुलिक्कोट्टिल मार दिवन्नासियोस यांनी मिळून दोन्ही समाजांना एकत्र आणण्यासाठी एक संघही काढला होता. तो फार काळ टिकला नाही, पण त्या दोघांचा हा प्रयत्न आजही आदराने आठवावा असा आहे.

‘मनोरमा’चे संस्थापक मामेन माप्पिळै नव्हेत, तर त्यांचे चुलते कंडत्तिल वर्गीस माप्पिळै. त्यांच्या पत्रकारितेची सुरुवात कोचीत झाली आणि तीही एका गुजराती व्यापाऱ्याच्या आश्रयाने, हे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांना मौजेचे वाटेल. देवजी भीमजी नावाच्या या गृहस्थांनी १८८१ मध्ये ‘केरळमित्रम्’ हे मल्याळी वर्तमानपत्र काढले आणि संपादक म्हणून तरुण वर्गीस माप्पिळैंना नेमले. पुढे कोट्टयमला परतल्यावर वर्गीस माप्पिळैंनी स्वतःचे पत्र काढण्याचा घाट घातला. एकट्याच्या खिशातून ते शक्य नव्हते. म्हणून त्यांनी १४ मार्च १८८८ रोजी एक संयुक्त भांडवलाची कंपनी नोंदविली. शंभर रुपयांचा एक असे शंभर भाग, आणि तेही हप्त्यांनी भरावयाचे. पहिल्या हप्त्याच्या पैशांतून लंडनमध्ये बनविलेले छपाई यंत्र आले. मल्याळी खिळे घडविण्यासाठी कोंथी आचारी या स्थानिक कारागिराला नेमण्यात आले. २२ मार्च १८९० रोजी पहिला अंक निघाला. त्या अंकाचा अग्रलेख पुलया या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शिक्षणाची बाजू घेणारा होता. ज्या संस्थानात त्या लोकांना सार्वजनिक रस्त्यावर चालण्याचीही मोकळीक नव्हती, तेथे जमीनदार घराण्यातील एका ख्रिस्ती संपादकाने पहिल्याच अंकासाठी हा विषय निवडावा, ही साधी गोष्ट नव्हे.

त्यावेळी पत्र साप्ताहिक होते. कोट्टयमला रेल्वे नव्हती, ती आली १९५६ मध्ये. गावोगावी अंक पोहोचत ते होडीने आणि ‘अंचल’ने. अंचल ही त्रावणकोर संस्थानाची स्वतःची टपाल व्यवस्था. हातातील काठीला घुंगरे बांधलेला धावपट्टू पिशवी घेऊन धावत असे आणि लोक त्याला वाट मोकळी करून देत.

मामेन माप्पिळै यांचा जन्म १८७३ मध्ये झाला. त्यांच्या नावाची रचना समजून घेतली म्हणजे पुढील नावांचा गोंधळ होणार नाही. ‘के’ म्हणजे कंडत्तिल हे घराणे, ‘सी’ म्हणजे चेरियन हे वडिलांचे नाव, आणि मामेन हे त्यांचे स्वतःचे. माप्पिळै ही पूर्वी राजांनी सिरियन ख्रिस्ती घराण्यांना दिलेली बहुमानाची पदवी. म्हणून त्यांच्या सर्व मुलांची नावे ‘के. एम.’ या अक्षरांनी सुरू होतात आणि थोरल्या मुलाला आजोबांचे चेरियन हे नाव मिळाले. मद्रासला पदवी घेऊन मामेन कोट्टयमला परतले आणि एम. डी. सेमिनरी या आपल्या समाजाच्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक. हीच ती शाळा, जिचे प्राचार्यपद काही वर्षांनी फादर पी. टी. गीवर्गीस यांनी भूषविले. हे फादर गीवर्गीस म्हणजेच पुढचे मार इवानियोस. २० सप्टेंबर १९३० रोजी ते कॅथलिक ख्रिस्तसभेशी एकरूप झाले आणि सिरो-मलंकारा कॅथलिक ख्रिस्तसभेचा पाया घातला गेला.

६ जुलै १९०४ रोजी वर्गीस माप्पिळै निवर्तले. ते पन्नाशीही गाठू शकले नव्हते. कवी, नाटककार, शेक्सपियरचे भाषांतरकार आणि ‘भाषापोषिणी सभे’चे संस्थापक अशा या विद्वानाच्या खुर्चीवर एकतीस वर्षांचा शाळामास्तर येऊन बसला. मामेन माप्पिळै साहित्यिक नव्हते. चुलत्यांचे पत्र म्हणजे कवींची सभा होती. पुतण्याने त्याला बाजारपेठेची, शेतीची, बातम्यांची आणि हिशेबाची जोड दिली. मला वाटते, पत्र टिकले ते यामुळेच. त्या काळी कवित्वाच्या बळावर निघालेली आणि वर्षा-दोन वर्षांत बंद पडलेली पत्रे मल्याळीतच काय, मराठीतही थोडी नाहीत.

१९०१ मध्ये आठवड्यातून दोनदा निघू लागलेले पत्र १९१८ मध्ये तीनदा निघू लागले आणि १९२८ मध्ये दैनिक झाले. १९२९ मध्ये मामेन माप्पिळैंनी ‘अखिल केरळ बालजन सख्यम्’ ही मुलांची संघटना सुरू केली. वर्तमानपत्रातील मुलांच्या सदरातून गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. मुलांनी सभा घ्याव्यात, अध्यक्ष निवडावा, भाषणे करावीत, असा तिचा क्रम. पुढे दोन वेळा केरळचे मुख्यमंत्री झालेले ओमन चांडी हे विद्यार्थीदशेत याच संघटनेचे अध्यक्ष होते. आपल्याकडे धर्मग्रामांतून मुलांसाठी शिबिरे भरविणाऱ्यांना या कल्पनेची किंमत कळेल.

त्याच काळात मामेन माप्पिळै केवळ संपादक राहिले नव्हते. १९१२ मध्ये तिरुवल्ला येथे त्यांनी त्रावणकोर नॅशनल बँक स्थापन केली होती. रबराचे मळे, विमा, व्यापार यांतही ते होते आणि संस्थानाच्या कायदेमंडळाचे सभासदही. कोट्टयम-तिरुवल्ला पट्ट्यात त्या वेळी बँकांचे पीकच आले होते. मिरी, नारळ, चहा, रबर यांतून पैसा येत होता आणि सिरियन ख्रिस्ती कुटुंबे तो बँकांत गुंतवीत होती. सासरी जाणाऱ्या मुलीच्या वाट्याचा पैसा, धर्मगुरूंची शिल्लक, चर्चच्या बांधकामाचा निधी, शिक्षकांची पुंजी, सारे काही तेथे ठेवले जाई. १९३७ मध्ये मामेन माप्पिळैंची बँक आणि सी. पी. मात्तन यांची क्विलॉन बँक यांचे एकत्रीकरण होऊन ‘त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक’ निर्माण झाली. दक्षिण भारतातील ती एक मोठी बँक ठरली.

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. एकाच माणसाच्या हाती वर्तमानपत्र आणि बँक असणे धोक्याचे. पत्रकाराने सत्तेला बोल लावावा तर बँकरला सत्तेची मर्जी राखावी लागते, कारण बँक विश्वासावर चालते आणि सरकारने नुसती भुवई उंचावली तरी तो विश्वास डळमळतो. मामेन माप्पिळैंनी दोन्ही घोड्यांवर पाय ठेवला. सुखाच्या दिवसांत ते निभावले, संकटात दोन्ही घोडे एकदमच घसरले.

संकटाची पार्श्वभूमी राजकीय होती. त्रावणकोर संस्थानात लोकसंख्येने मोठे असूनही ख्रिस्ती, मुसलमान आणि एळवा या समाजांना कायदेमंडळात आणि सरकारी नोकऱ्यांत अल्प स्थान होते. १९३२ च्या सुधारणांनीही ते बदलले नाही, तेव्हा या तिन्ही समाजांनी मिळून मतदानापासून अलिप्त राहण्याची चळवळ केली. तिचे नाव ‘निवर्तन’. एळवा समाजाचे सी. केशवन, मुसलमानांचे पी. के. कुंजु आणि कॅथलिक नेते एन. व्ही. जोसेफ असे तिचे पुढारी होते. ‘मनोरमा’ने चळवळीची बाजू उचलून धरली. सरकारला काही सवलती द्याव्या लागल्या. फेब्रुवारी १९३८ मध्ये पट्टम् ताणू पिळ्ळै यांच्या अध्यक्षतेखाली त्रावणकोर स्टेट काँग्रेस स्थापन झाली आणि तिने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. ‘मनोरमा’ तिच्याही पाठीशी उभे राहिले.

त्या वेळी संस्थानाचे दिवाण होते सर सी. पी. रामस्वामी अय्यर. त्यांना केवळ खलनायक म्हणणे अन्यायाचे होईल. १९३६ च्या मंदिरप्रवेशाच्या जाहीरनाम्यामागे ते होते. त्रावणकोर विद्यापीठ, वीजनिर्मिती, उद्योगधंदे यांतही त्यांची दूरदृष्टी दिसते. परंतु विरोध त्यांना सहन होत नसे. स्टेट काँग्रेसमागे ख्रिस्ती बँकवाल्यांचा पैसा आहे असा त्यांचा ग्रह झाला होता. (याच दिवाणांनी पुढे शाळा ताब्यात घेण्याचा बेत केला, तेव्हा १९४५ मध्ये चंगनाशेरीचे कॅथलिक बिशप मार जेम्स काळाशेरी यांनी त्याविरुद्ध मेंढपाळपत्र काढले आणि ते मागे घेण्यास ठाम नकार दिला.)

१९३८ च्या उन्हाळ्यात बँकेविषयी अफवा पसरू लागल्या. ठेवीदारांच्या रांगा लागल्या. अवघ्या तीन वर्षांच्या रिझर्व्ह बँकेकडे मदत मागण्यात आली, ती मिळाली नाही. जून १९३८ मध्ये बँकेने दारे बंद केली. बँक सरकारने बुडविली की ती आधीच आतून पोकळ झाली होती, यावर इतिहासकारांत एकमत नाही. दिवाणांचे वैर खरे होते. त्याचबरोबर घाईघाईने उघडलेल्या शाखा आणि सढळ हाताने दिलेली कर्जे यांचाही विचार करावा लागेल. कोणाचीही चूक असो, झळ बसली ती हजारो ठेवीदारांना. मामेन माप्पिळैंचे चरित्र गौरवाने लिहिणाऱ्यांनी या माणसांना विसरू नये असे वाटते. ज्या विधवेने आपली पुंजी तेथे ठेवली होती, तिला राजकारणाशी काय कर्तव्य होते?

पुढचा घाव पत्रावर पडला. त्रावणकोरमध्ये १९२६ च्या कायद्याने वर्तमानपत्र चालविण्यास सरकारी परवाना लागत असे. त्याही पूर्वी, १९१० मध्ये, ‘स्वदेशाभिमानी’ पत्राचे संपादक रामकृष्ण पिळ्ळै यांना संस्थानातून हद्दपार करून त्यांचा छापखाना जप्त करण्यात आला होता, तेव्हा सरकार काय करू शकते हे कोणालाही नवे नव्हते. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचे आंदोलन पेटले, गोळीबार झाले, आणि त्याच्या बातम्या छापल्याच्या कारणावरून ‘मनोरमा’चा परवाना रद्द झाला. कोट्टयमच्या छापखान्याला सरकारी मोहोर लागली. आत यंत्रे, खिळे, कागद, जे जसे होते ते तसेच राहिले.

पत्र मात्र लगेच थांबले नाही. कोट्टयमच्या उत्तरेस कोचीन संस्थानात कुन्नमकुळम हे छापखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले ख्रिस्ती वस्तीचे गाव आहे. तेथे दिवाणांचा हुकूम चालत नव्हता. तेथून दुसऱ्याच्या छापखान्यात ‘मनोरमा’ सुमारे नऊ महिने निघत राहिले आणि मग तेही थांबले.

ऑक्टोबर १९३८ मध्ये मामेन माप्पिळै आणि सी. पी. मात्तन यांना मद्रासमध्ये अटक झाली. बँकेच्या कारभारात गुन्हे केल्याचा आरोप होता. त्यांना त्रिवेंद्रमला नेण्यात आले, खटला चालला, शिक्षा झाली. पासष्टी गाठलेला संपादक, कायदेमंडळाचा माजी सभासद, नऊ मुलांचा बाप, कैदी झाला. घराण्याची मालमत्ता गेली. त्यांचा धाकटा मुलगा, त्याचेही नाव मामेन माप्पिळैच, त्या वेळी मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकत होता. राहावयास घर उरले नाही, तेव्हा तो वसतिगृहाच्या फरशीवर झोपत असे.

१९४१ मध्ये मामेन माप्पिळैंची सुटका झाली. ते अडुसष्ट वर्षांचे होते. बँक संपली होती. छापखान्याच्या दारावरील मोहोर तशीच होती आणि आणखी सहा वर्षे राहणार होती. या सहा वर्षांविषयी चरित्रकार फारसे बोलत नाहीत, कारण बोलण्यासारखे काही घडत नव्हते. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील हाच काळ सर्वांत कठीण वाटतो. तुरुंगात माणसाला निदान सुटकेचा दिवस ठाऊक असतो. येथे कोणताही दिवस ठरलेला नव्हता. ज्या गावात आपण शिक्षक होतो, संपादक होतो, त्याच गावात आपल्या बंद दारावरून जावयाचे, आणि वाटेत भेटणारा माणूस कदाचित आपल्याच बँकेचा ठेवीदार असावयाचा.

मुले मिळेल त्या उद्योगाला लागली होती. कोणी मळ्यावर, कोणी व्यापारात. धाकट्या मामेनने १९४६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे एका लहानशा शेडमध्ये खेळण्यातील फुगे बनविण्यास सुरुवात केली आणि ते पिशवीत घालून रस्तोरस्ती विकले. त्याच शेडमधून पुढे मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे ‘एमआरएफ’, उभी राहिली. टायरच्या जाहिरातीतील तो बलदंड पुरुष सर्वांच्या ओळखीचा आहे, पण त्याची सुरुवात फुग्यात झाली हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

१९४७ आले. ब्रिटिश जाताच त्रावणकोर स्वतंत्र राष्ट्र होईल अशी घोषणा दिवाणांनी केली होती. २५ जुलै १९४७ रोजी त्रिवेंद्रममध्ये त्यांच्यावर शस्त्राने हल्ला झाला. ते बचावले. त्रावणकोर भारतात सामील झाले आणि दिवाण पद सोडून निघून गेले. त्यानंतर छापखान्याची मोहोर निघाली आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘मल्याळ मनोरमा’ पुन्हा वाचकांच्या हाती आले. संपादक तेच, मामेन माप्पिळै, आता चौऱ्याहत्तर वर्षांचे.

बंदीच्या नऊ वर्षांत जग बदलून गेले होते. महायुद्ध होऊन गेले, देश स्वतंत्र झाला, इतर पत्रांनी वाचक बांधून घेतले. भांडवल नव्हते. जे शंभर भागांच्या सार्वजनिक कंपनीतून सुरू झाले होते, ते आता प्रामुख्याने एका कुटुंबाच्या कष्टावर उभे राहावयाचे होते. थोरला मुलगा के. एम. चेरियन वडिलांच्या बरोबरीने कामास लागला. ‘मनोरमा’ खऱ्या अर्थाने घराण्याचे झाले ते या दिवसांत, असे म्हणावयास हरकत नाही. वैभवाच्या काळात त्या घरात बँक होती, मळे होते, मानमरातब होता आणि वर्तमानपत्र हा अनेकांपैकी एक उद्योग होता. आता तेच एक हाती राहिले होते.

या अखेरच्या वर्षांतील एक लहानशी गोष्ट मला विशेष आवडते. त्यांचा आठवा मुलगा के. एम. मॅथ्यू काही काळ मुंबईत व्यवसाय करीत होता. त्याची पत्नी अण्णम्मा ही उत्तम सुगरण. ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या सासऱ्यांनी सुनेला वर्तमानपत्रासाठी पाककृती लिहावयास सांगितले. १९५३ च्या मे महिन्यात तिच्या पहिल्या पाककृती छापून आल्या. त्यांतील एक डोनटची होती आणि दुसरी चक्क गोव्याच्या कोळंबीच्या आमटीची! मल्याळी घरांत त्या काळी पाककृती कागदावर उतरविण्याची रीत नव्हती, आईकडून मुलीकडे जाईल तेवढेच. ‘मिसेस के. एम. मॅथ्यू’ या नावाने अण्णम्मांनी पुढे पन्नास वर्षे लेखन केले आणि १९७५ मध्ये निघालेल्या ‘वनिता’ या स्त्रियांच्या मासिकाच्या त्या संस्थापक संपादक झाल्या. चुलत्यांची कविसभा बाजारापर्यंत आणणाऱ्या वृद्ध संपादकाने जाता जाता पत्राला स्वयंपाकघराचीही वाट दाखविली.

राग आणि सूड यांना त्यांच्या अखेरच्या पर्वात किती जागा होती, हे त्यांचे मनच जाणे. परंतु मुलांनी पुढे जे उभारले त्यात सूडाची धडपड दिसत नाही. के. एम. फिलिप हे आणखी एक चिरंजीव वायएमसीएच्या कार्यात आयुष्यभर राहिले आणि तिच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. मॅथ्यू यांनी वृद्धपणी आत्मचरित्र लिहिले. आईच्या सोन्यातून नऊ भावंडांसाठी अंगठ्या घडविल्या गेल्या होत्या, त्यांतील आठवी त्यांच्या वाट्यास आली, म्हणून त्यांनी पुस्तकालाही ‘आठवी अंगठी’ या अर्थाचे नाव दिले.

३१ डिसेंबर १९५३ रोजी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मामेन माप्पिळैंनी देह ठेवला. ते ऐंशी वर्षांचे होते. संपादकपद चेरियन यांच्याकडे गेले. त्यांनी मुंबईहून धाकट्या भावाला बोलावून घेतले आणि १९५४ मध्ये मॅथ्यू कोट्टयमला येऊन व्यवस्थापन पाहू लागले. त्या वेळी पत्राचा खप तीस हजारांच्या आसपास होता. चेरियन यांच्या पश्चात १९७३ पासून २०१० पर्यंत मॅथ्यू मुख्य संपादक राहिले आणि त्यांच्या हयातीत हा आकडा पंधरा लाखांच्या पुढे गेला. मन्नानमला जन्मलेली ‘दीपिका’ही कोट्टयमलाच येऊन स्थिरावली. १९८९ मध्ये कोट्टयम हे देशातील पहिले संपूर्ण साक्षर नगर म्हणून जाहीर झाले, तेव्हा ही दोन्ही पत्रे शंभरीच्या आसपास होती आणि त्या गावात सकाळी पेपर टाकणाऱ्या मुलाला वगळावे लागेल असे घर शोधूनही सापडणे कठीण झाले होते.